डावं रिंगण

पावट्याच्या शेंगांचे ढीग दिसले की माझ्या पोटऱ्या ताठ होतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे. डिसेंबर लागला की येलहंक्याच्या जुन्या बाजारात या शेंगांची पोती रस्त्यावरच मोकळी होतात. इथे त्यांना अवरेकाई म्हणतात. त्यांचा हिरवट, तेलकट, जरा उग्र वास सकाळच्या थंडीत बाजारभर भरून राहतो. परवा पिशवी पुढे केली, तो वास नाकात शिरला आणि भर बाजारात माझ्या टाचा खाली दाबल्या गेल्या, खांदे मागे गेले, नजर भाजीवालीच्या डोक्यावरून पार पलीकडे गेली. "एनु बेकु अक्का?" तिने विचारलं. काय हवं? मला घोडा हवा होता!

दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा असा अंगात बसलाय. त्या वर्षी मी त्रेचाळीस वर्षांची होते, आणि गालगुंडं झाली होती तेव्हा डॉक्टरांकडे जाताना ज्यांत बसले ते टांगे सोडले तर घोड्याशी माझा काही संबंध आलेला नव्हता. पुण्याहून बंगळूरला येऊन बारा वर्षं झालेली. काम सॉफ्टवेअर तपासण्याचं, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. घोड्याचं वेड माझ्या मुलीचं, ईराचं. चौदा वर्षांची झाल्यावर तिने वाढदिवसाला दुसरं काही मागितलंच नाही. म्हणून दर शनिवार-रविवारी पहाटे मी तिला येलहंक्याच्या पलीकडे, द्राक्षांच्या मळ्यांपाशी असलेल्या एका पागेत घेऊन जायची, आणि शाल लपेटून कुंपणाला टेकून उभी राहायची.

तिसऱ्या रविवारी तिथले शिक्षक माझ्यापाशी आले. मालोजीराव त्यांचं नाव, पण सगळे त्यांना अण्णा म्हणत. साठीचा माणूस, बुटका, पाय किंचित बाकदार, डोक्यावर लोकरीची टोपी. म्हणाले, "अक्का, नुसतं बघत उभं राहिलं की थंडी वाजते. चढा."

"मी? आता? या वयात?"

"त्या पद्माअक्का बघा. टपाल खात्यातनं रिटायर झाल्यावर आल्या. सुम्ने, उगाच, वयाचं सांगू नका."

पद्माअक्का मेजर नावाच्या उंच, पिकल्या तोंडाच्या घोड्यावर सलवार-कमीज आणि हेल्मेट घालून एखाद्या राणीसारख्या बसल्या होत्या. त्यांनी वरूनच माझ्याकडे बघून मान डोलावली. मी चढले!

पहिल्यांदा घोड्यावर बसल्यावर काय होतं ते शब्दांत सांगता येणं कठीण. आपल्या खाली एक मोठं, ऊबदार, श्वास घेणारं अंग असतं आणि ते आपलं ऐकणार की नाही हे अजून ठरलेलं नसतं. माझ्या वाट्याला आलेली तुंगा ही तपकिरी घोडी, कपाळावर पांढरा ठिपका. मी खोगिरावर टेकताच तिने एक कान मागे वळवून माझी चौकशी केली. मला हसूच आलं. ऑफिसात इतक्या मन लावून माझ्याकडे कुणी लक्ष दिलेलं मला आठवत नव्हतं.

चौघांचा वर्ग होता आमचा. सर्वांत पुढे मेजरवर पद्माअक्का. त्यांच्या मागे रॉकेट नावाच्या अतिशय संथ घोड्यावर प्रसन्न. हा नागपूरचा मुलगा, सॉफ्टवेअरमधलाच, जे. पी. नगरहून अख्खं शहर पार करून मोटरसायकलवर यायचा आणि थंडीने ओठ काळेनिळे झालेले असायचे. त्याच्या मागे ईरा, चिन्ना नावाच्या बुटक्या, फुगऱ्या तट्टावर. आणि शेवटी मी.

अण्णा रिंगणाच्या मधोमध उभे राहत. त्यांच्याकडे भोंगा नव्हता, शिट्टी नव्हती. नुसता आवाज. खर्जातला, पण वाळूवरून सरळ येणारा. त्यांची मंडळी चारशे वर्षांपूर्वी घोड्यांबरोबर इकडे आली, म्हणे, आणि परत जायचं विसरली. त्यामुळे त्यांची मराठी जुनी, तीत कन्नड मुरलेली. त्यांनी स्वतः अर्धं आयुष्य रेसच्या घोड्यांना पहाटे दौडवण्याची नोकरी केली होती. शिकवताना ते हुकूम इंग्रजीत द्यायचे, रागवायचे मराठीत आणि घोड्यांना गोंजारायचे कन्नडमध्ये.

आणि एक गंमत. जमिनीवर असताना आम्ही सगळे अक्का, ताई, साहेब. रिकिबीत पाय गेला की आमची नावं जायची आणि घोड्यांची नावं लागायची. "तुंगा, नजर वर कर! मानेकडे काय बघतेस, मान कुठे पळून जात नाही!" हे मला. "रॉकेट, खुर्चीत बसल्यासारखा बसू नकोस, मीटिंग नाही ही!" हे प्रसन्नला. साठीच्या पद्माअक्कांनासुद्धा, "मेजर, खांदे मागे घे!" चार जणांच्या वर्गात कुणाला काय म्हटलं ते क्षणात कळायला हवं, आणि माणसांची नावं गडबडीत चुकतात, घोड्यांची चुकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मला ते फार आवडायचं. तासभर मी कुणाची आई नव्हते, कुणाची मॅनेजर नव्हते. मी तुंगा होते.

फक्त एक गोष्ट होती, जी मी कुणालाच सांगितली नव्हती.

नवव्या वर्षी गालगुंडं झाली आणि माझा डावा कान गेला. पूर्ण. घरी कळायलाच सहा महिने लागले. कळल्यावर बाबा म्हणाले, "कशाला सांगत बसायचं? लोक वेगळ्या नजरेने बघतात." ते प्रेमापोटीच म्हणाले. मी तो सल्ला चौतीस वर्षं पाळला. मीटिंगमध्ये मी टेबलाच्या अशा टोकाला बसते की सगळे उजवीकडे येतात. रिक्षात डावीकडची जागा पकडते. चारचौघांत लोकांचे ओठ वाचते, आणि नाहीच कळलं तर हसते. हसण्याने बरंच निभावतं. नवऱ्याला आणि ईराला माहीत आहे, बाकी कुणाला नाही. पागेत नाव घातलं तेव्हा फॉर्मवर एक प्रश्न होता, तब्येतीची काही अडचण आहे का. मी लिहिलं, नाही.

आता रिंगणाचं असं असतं, की शिक्षक मध्ये आणि घोडे कडेने गोल. उजव्या हाताला फिरलं की माझा उजवा कान अण्णांकडे. सगळं ऐकू यायचं, श्वाससुद्धा. मग अण्णा बाजू बदलायला सांगायचे, आणि आम्ही डाव्या हाताला फिरायला लागायचो. माझा मेलेला कान त्यांच्याकडे व्हायचा, आणि चांगला कान कुंपणापलीकडच्या निलगिरीच्या झाडांकडे. अण्णांचा आवाज कुठल्या तरी विहिरीत पडल्यासारखा व्हायचा. येतोय हे कळायचं, काय म्हणताहेत ते नाही.

तरी मी निभावून नेत होते, कारण तुंगा ऐकायची! अण्णांनी "ट्रॉट" म्हटलं की ती आपोआप दुडकी धरायची. मी बेसावध असायचे, मागे हिसकले जायचे, घाबरून लगाम ओढायचे. ती बिचारी गोंधळायची, पळ की थांब? मान वाकडी करून, अंग आवळून चालायची.

अण्णांच्या नजरेतून हे सुटलं नाही. पण त्यांनी त्याचा अर्थ वेगळा लावला.

"तुंगाची डावी बाजू आखडली आहे," एके दिवशी ते म्हणाले. "उजवीकडे लोण्यासारखी चालते. डावीकडे बघा कशी करते."

त्यांनी तिच्या खांद्याला तेल चोळून घेतलं. आठवडेच्या आठवडे, रोज. नालबंदाला बोलावून पुढचे दोन्ही नाल काढून पुन्हा बसवून घेतले. दात तपासायला डॉक्टर आणला. दात उत्तम होते. मी हे सगळं बघत होते. तिला गूळ देत होते आणि गप्प होते. दर वेळी ठरवायचे, आज सांगू. मग वाटायचं, सांगितलं तर म्हणतील, अक्का, तुमच्यासाठी हे नाही. आणि तोवर मला हे सोडणं शक्य राहिलं नव्हतं. सोमवारपासून मी शनिवारची वाट बघायची. ऑफिसच्या खुर्चीत दुडकीचा ठेका धरून नकळत उठ-बस करायची, एक-दोन, एक-दोन. शेजारचा विचारायचा, पाठ दुखतेय का?

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी धुकं होतं. डाव्या हाताला दुडकी चालली होती. पुढे पद्माअक्कांच्या रिकिबीच्या पट्ट्याचं बक्कल सुटलं, रिकीब खाली गळाली आणि त्या एका बाजूला कलल्या. अण्णा ओरडले, "हॉल्ट! सगळे हॉल्ट!"

हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं की तुंगा मंदावली. मला वाटलं आळस करतेय. मी दोन्ही टाचा मारल्या.

तुंगाने ऐकलं होतं. मी ऐकलं नव्हतं. आणि जिने ऐकलं होतं तिला मी टाच मारली.

ती पुढे उसळली आणि थेट उभ्या असलेल्या चिन्नाच्या पुठ्ठ्यावर जाऊन आदळली. चिन्नाने दोन्ही मागचे पाय झाडले. तुंगा बाजूला उडाली, मी तिच्या मानेला मिठी मारून कशीबशी लटकले. आणि समोर माझी ईरा, तट्टाच्या खांद्यावरून, हातावर, वाळूत.

अण्णा धावत आले. आधी ईराकडे. ती उठून बसली होती, उजवं मनगट छातीशी धरून. मग ते माझ्याकडे वळले. इतका संताप मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

"हॉल्ट म्हटलं की हॉल्ट! तीनदा ओरडलो मी! अक्का, तुम्हाला—"

"अण्णा, तिला ओरडू नका!" ईरा खालूनच किंचाळली. "तिला त्या बाजूने ऐकूच येत नाही!"

प्रसन्न रॉकेटवर तोंड उघडं ठेवून बसलेला. पद्माअक्का एका रिकिबीत. अण्णा माझ्याकडे बघत राहिले, मग हळूहळू तुंगाच्या डाव्या खांद्याकडे, जिथे अजून तेलाची चमक होती.

ईराचं मनगट मुरगळलं होतं, मोडलं नव्हतं. तीन आठवडे पट्टी. गाडीत परतताना मी रडत होते आणि ती, मागच्या सीटवरून माझ्या उजव्या कानाशी वाकून, म्हणाली, "आई, मी सांगितलं म्हणून रागावलीस?" ही पोर पाच वर्षांची असल्यापासून रस्त्यात आपोआप माझ्या उजवीकडे येऊन चालते. मी तिला तसं कधी शिकवलेलं नाही.

पुढच्या शनिवारी मी एकटीच गेले, हेल्मेट परत करायला आणि माफी मागायला. अण्णा तुंगाचे पाय धूत होते. वर न बघता म्हणाले, "आधी हिची माफी मागा. इतके दिवस मी हिला औषध देतोय."

मी मागितली. खरंच, तिच्या मानेवर कपाळ टेकून. मग म्हटलं, "अण्णा, मी येणार नाही आता. माझ्यामुळे कुणाला तरी—"

"कान नाही, ही चूक नव्हे," ते म्हणाले. त्यांनी बादली बाजूला सरकवली. "कागदावर 'नाही' लिहिलंत, ती चूक. त्या चुकीची शिक्षा कानाला कशाला? बसा घोडीवर."

"आत्ता?"

"आत्ता. बघू दे मला, तुम्ही कुठे-कुठे नसता ते."

मी तुंगावर बसून कडेने चालत राहिले आणि ते मध्ये उभे राहून साध्या आवाजात बोलत राहिले. ऐकू येईनासं झालं की मी हात वर करायचा. मी हात वर केला की ते काठी टेकत येऊन माझ्या शेजारी वाळूत रेघ ओढायचे. पुन्हा येऊ लागलं की दुसरी रेघ. मग डावीकडून, मग उजवीकडून, मग वारा सुटल्यावर परत एकदा. त्यांना नुसतं कुतूहल होतं. दया बिलकुल नव्हती! घोड्याच्या खुराकडे बघावं तसे ते माझ्या बहिरेपणाकडे बघत होते, बारकाईने, भुवया आकसून. अर्ध्या तासाने वाळूत रेघांचा एक मोठा नकाशा तयार झाला. डाव्या रिंगणाचा जवळजवळ सगळा भाग माझ्यासाठी मुका होता.

अण्णा कमरेवर हात ठेवून हसायला लागले. "अय्यो अक्का! एवढ्या जागेत तुम्ही माझ्याशिवाय घोडा चालवलात?"

"मी नाही. तुंगाने चालवला."

ते हसायचे थांबले. माझ्याकडे बघितलं, मग तुंगाकडे. "सरी," म्हणजे बरं, ते हळूच म्हणाले. त्या "सरी"त त्यांना काही तरी सुचलेलं होतं.

रविवारी वर्ग भरला. ईरा पट्टी बांधून कुंपणावर बसली. अण्णांनी मला सर्वांसमोर सांगायला लावलं. मी सांगितलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा, तीन वाक्यांत, मेजरच्या पद्माअक्का आणि रॉकेटच्या प्रसन्नसमोर. आभाळ कोसळलं नाही. पद्माअक्का म्हणाल्या, "म्हणून तुम्ही नेहमी इतक्या हसता होय!" प्रसन्न म्हणाला, "ताई, मला वाटायचं तुम्ही मला इग्नोर करता."

मग अण्णांनी जाहीर केलं, आजपासून ते बोलणार नाहीत. उघडा पंजा वर म्हणजे थांबा. दोन बोटं वर-खाली म्हणजे दुडकी. तळहात खाली दाबला म्हणजे हळू. हात लांब करून डावीकडे किंवा उजवीकडे म्हणजे दिशा बदला. आणि डोक्यावर हात गोल फिरवला, तर... "ते नंतर," म्हणाले.

त्यांनी दोन बोटं वर-खाली केली.

काही म्हणजे काही झालं नाही! मेजर उभा. रॉकेट उभा, शेपटीने माश्या वारत. प्रसन्न त्याला ढोसतोय, विनवण्या करतोय, "अरे चल ना बाप्पा!" पद्माअक्का गोंधळून अण्णांकडे बघताहेत. तुंगाचा एक कान मागे, माझ्याकडे.

अण्णा मोठ्यांदा हसले. मग तोंड उघडून फक्त एकदाच बोलले. "दोन महिने घोडे माझं ऐकत होते. मी ट्रॉट म्हटलं की ते पळायचे आणि तुम्हाला वाटायचं तुम्ही पळवताय. आता सांगा, तुमचं कोण ऐकतं?"

काय सकाळ होती ती! शिकल्याचा सगळा भ्रम अर्ध्या तासात उतरला आणि त्याच अर्ध्या तासात खरं शिकणं सुरू झालं. मी पोटरी आवळली, कंबर सैल केली, मनातल्या मनात म्हटलं, चल बाई. आणि तुंगा निघाली! माझ्या सांगण्यावरून, डाव्या रिंगणात, मान सरळ, खांदा मोकळा. आखडलेली बाजू कुठल्या कुठे गेली. "नजर वर" हे अण्णा दोन महिने ओरडत होते. आता ओरडावंच लागलं नाही, कारण त्यांच्या हाताकडे लक्ष ठेवायचं तर नजर वरच ठेवावी लागते. पद्माअक्कांची पाठ आपोआप ताठ झाली. प्रसन्नने शेवटी रॉकेटला दुडकीला लावलं, तेव्हा त्याने असा काही जल्लोष केला की रॉकेट दचकून पुन्हा थांबला.

सगळं असंच गोड झालं असं नाही. एकदा मी वळताना अण्णांचा हात पाहायचा चुकले आणि एकटीच उलट्या दिशेला निघाले. एकदा पद्माअक्का चिडल्या, म्हणाल्या, मला आवाजाची सवय आहे, मी हातवाऱ्यांनी शिकणार नाही. त्या दिवशी अण्णांनी त्यांच्यासाठी हात आणि आवाज दोन्ही वापरले. प्रत्येकाला काय पोचतं ते बघत बघत ते रोज थोडे बदलत गेले. घरी आरशासमोर हातांच्या खुणांचा सराव करतात, असं त्यांच्या बायकोने पुढे सांगितलं.

जानेवारी सरत आला. ईराची पट्टी निघाली आणि ती चिन्नावर परत आली. आमच्या पागेवरून हवाई तळावरची विमानं जायची, आणि त्या दिवसांत त्यांचा सराव जोरात असायचा. विमान डोक्यावर आलं की आवाज असा यायचा की छातीचा पिंजरा थरथरायचा. घोडे सरावलेले होते, माणसं नव्हती. पूर्वी अशा वेळी वर्ग थांबायचा, आवाज जाईपर्यंत सगळे उभे.

त्या सकाळी ऊन नुकतंच निलगिरीतून तिरपं आलं होतं. घोड्यांच्या नाकपुड्यांतून वाफा. डाव्या हाताला दुडकी चाललेली, चौघांत एकेका घोड्याचं अंतर, खुरांचा एकच ठेका. आणि दक्षिणेकडून गडगडाट आला. एक विमान, मागोमाग दुसरं. जगातला सगळा आवाज त्यांनी पिऊन टाकला. मी चटकन अण्णांकडे पाहिलं, आता पंजा वर करतील म्हणून.

त्यांनी हात डोक्यावर नेला आणि गोल फिरवला.

कँटर! तीन ठोक्यांची ती चाल, जिच्यात घोडा धावत नाही, लाटेसारखा उचलला जातो. ती चाल आणि तिची खूण अण्णांनी एकेकट्याला शिकवली होती, पण आम्ही ती एकत्र कधीच केली नव्हती. क्षणभर मला वाटलं मी चुकीचं पाहिलं. पण पुढे पद्माअक्कांनी पाहिलं होतं. मेजर उचलला गेला. रॉकेट, चक्क रॉकेट, उचलला गेला! चिन्नाच्या पाठीवर ईराची वेणी उडाली. मी बाहेरचा, कुंपणाकडचा पाय मागे नेला, श्वास सोडला, आणि तुंगा माझ्या खाली उघडली. दुसरा शब्द नाही. वाळू मागे पळायला लागली, वारा उजव्या कानात भरला, डावा तर आधीच शांत. त्या अर्ध्या मिनिटात आम्हा चौघांनाही सारखंच ऐकू येत नव्हतं, आणि मध्ये एक माणूस हात उंच धरून जागेवर फिरत होता, आणि आमचे आठ डोळे त्याच्यावर खिळलेले होते. मी ओरडत होते. काय ओरडत होते कोण जाणे, मलाच ऐकू आलं नाही.

पंजा वर झाला. चारही घोडे थांबले. विमानं गेली होती. शांततेत फक्त श्वास, आणि पद्माअक्कांचं हुंदके देत हसणं.

प्रसन्नने वळून विचारलं, "अण्णा, विमान असताना का सांगितलंत? आम्ही पडलो असतो तर?"

"मी तीस वर्षं रेसचे घोडे पळवले," अण्णा म्हणाले. "तिथे वाऱ्यात दोन्ही कान असून कुणाला काय ऐकू येतं? बघणाऱ्यालाच कळतं. आज सगळे बघत होते. म्हणून सांगितलं."

घरी येताना ईरा म्हणाली, "आई, तू कँटरमध्ये काय भयंकर ओरडत होतीस!" आणि आम्ही दोघी हसून हसून गाडी बाजूला घेतली.

आज परत डिसेंबर आहे. प्रसन्नला नागपूरला बदली मिळाली, तिकडेही त्याने एक पागा शोधली आहे. पद्माअक्का मेजरवर अजून येतात. अण्णांचा गुडघा थोडा दुखतो, पण ते सांगत नाहीत, आणि या बाबतीत त्यांना बोलण्याचा अधिकार मला आहे, तो मी वापरते.

बाजारात पोटऱ्या ताठ झाल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी पागेत गेले, तर पाच नवे विद्यार्थी रांगेत घोड्यांवर बसलेले. चेहऱ्यांवर तीच भीती, तोच आनंद. अण्णा कुंपणाबाहेर स्टुलावर बसले होते.

"अक्का, आज पहिली वीस मिनिटं तुम्ही मध्ये उभ्या राहा. नुसती चाल करून घ्या. मी बघतोय इथून."

"मी? मला शिकवता येत नाही."

"स्वल्प प्रयत्न करा."

मी रिंगणाच्या मध्यावर गेले. बाहेरून ती जागा कधी इतकी मोठी वाटली नव्हती. पाच घोडे, पाच अनोळखी माणसं, आणि सगळी माझ्याकडे बघताहेत. आयुष्यभर मी खोलीतली अशी जागा शोधली जिथून कुणाच्या नजरेत यायचं नाही. इथे तशी जागाच नव्हती. मला जाम मजा येत होती!

"नमस्कार," मी म्हटलं. "सुरू करण्याआधी सांगते. मला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. काही विचारायचं असेल, अडलं असेल, तर हात वर करा. मी बघत असेन. आणि मी हातानेही सांगेन, म्हणून माझ्याकडे बघत राहा."

मग तिसऱ्या घोड्यावरच्या, पन्नाशीच्या, जाड मिशीच्या गृहस्थांनी संकोचत हात वर केला.

"मॅडम, मी चष्मा गाडीत ठेवलाय. पडेल म्हणून. मला तुमचा हात... तुम्ही आहात एवढं दिसतंय."

पलीकडची मुलगी खुदकन हसली आणि मग तिनेही हात वर केला. "मला डावं-उजवं पटकन कळत नाही. शाळेपासून."

मागून कुणी तरी म्हणालं, "मला घोड्याची भीती वाटते."

मी कुंपणाकडे पाहिलं. अण्णा टोपी मागे सारून पोट धरून हसत होते. हसता हसताच त्यांनी हात वर केला आणि दोन बोटांनी मला खूण केली, चला, पुढे.

"चष्मा आणा," मी त्या गृहस्थांना म्हटलं. "आम्ही थांबतो."